जुन्या शहरांतील शौचकूप आणि त्यांतील बाटल्या : फिलाडेल्फियातील उत्खननाविषयी

काचमाती

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जुन्या शहरांत, घरामागच्या बंद पडलेल्या शौचकूपांत, म्हणजे जुन्या संडासांखालच्या खोल खड्ड्यांत, उतरून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बाटल्या शोधण्याचा छंद अनेक जण गांभीर्याने जोपासतात. फिलाडेल्फियात स्थायिक झाल्यापासून मीही अशा एका गटाबरोबर काम करतो. मराठीत या विषयावर सविस्तर लिहिलेले वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पुरातत्त्व, स्थापत्य किंवा काच यांची जाण असलेल्या सभासदांनी आवर्जून भर घालावी.

येथील जुनी घरे अरुंद आणि लांबट भूखंडांवर एकमेकांना खेटून उभी आहेत. मागच्या अंगणाच्या टोकाला, बहुधा शेजाऱ्याच्या हद्दीलगत, विटांनी गोल बांधलेला विहिरीसारखा खड्डा असे आणि त्यावर लाकडी खोपटे. खालच्या भागातल्या विटा चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या असत, कारण पातळ भाग जमिनीत मुरून जावा अशी अपेक्षा होती. तो मुरत मुरत जवळच्या पिण्याच्या विहिरीत जाई, हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत या शहरातील सुमारे पाच हजार माणसे दगावली. तो रोग डासांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दोष दुर्गंधीला आणि घाणीला दिला गेला, आणि त्याच भीतीपोटी १८०१ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळू लागले. शौचकूप मात्र त्यानंतरही अनेक दशके वापरात राहिले.

घराघरांतून कचरा उचलून नेण्याची व्यवस्था तेव्हा नव्हती. फुटकी बशी, मोडलेली चिलीम, औषधाची रिकामी कुपी, घरच्यांपासून लपवून प्यायलेल्या दारूची बाटली, हे सगळे त्या खड्ड्यात जाई. वर्षा-दोन वर्षांनी मजूर रात्रीच्या वेळी येऊन मैला उपसून नेत. उपसा पूर्ण होत नसे. तळाशी आणि कडेला थोडे शिल्लक राहीच, आणि जुन्यात जुन्या वस्तू नेमक्या तिथे सापडतात. पुढे सांडपाण्याच्या नळाची जोडणी आली की खड्डा निरुपयोगी ठरे आणि घरातल्या नको असलेल्या वस्तू, कोळशाची राख व विटांचा चुरा टाकून तो थोड्या काळात भरला जाई. ही अखेरची भर म्हणजे एका कुटुंबाच्या फडताळातील सामान जवळजवळ एकाच वेळी जमिनीत गेले असे समजावे.

जागा शोधण्याचे काम कागदावर सुरू होते. सॅनबॉर्न कंपनीने १८६७ पासून आगीच्या विम्यासाठी अमेरिकी शहरांचे जे नकाशे काढले, त्यांत प्रत्येक इमारतीची रूपरेषा आणि बांधकामाचा प्रकार दिलेला असतो. मूळ घर कुठवर होते आणि मागची भर कधी पडली हे त्यावरून कळते. त्यानंतर घरमालकाची लेखी परवानगी घ्यायची आणि ८११ या क्रमांकावर कळवून गॅसच्या व विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करवून घ्यायच्या. मगच अंगणात पहार घेऊन उतरायचे. ही पहार म्हणजे आडवी मूठ असलेली पोलादी सळई असते आणि तिचे टोक सळईपेक्षा किंचित जाड ठेवलेले असते. न हललेल्या चिकणमातीत ती अडखळते. भराव असेल तर सरसर आत जाते आणि राख लागली की करकर असा आवाज हाताला जाणवतो. सळई बाहेर काढून टोकाला काय चिकटले आहे ते पाहिल्यावाचून अनुभवी माणूस फावड्याला हात लावत नाही.

मागील हंगामात आम्ही खोदलेल्या एका खड्ड्याविषयी थोडे सांगतो. वर अंगणाची माती, खाली विटांचा चुरा, मग राखेचा जाड करडा थर, त्याखाली चुन्याची पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळपट, दाबून बसलेला, चाकूने कापता येईल असा मूळ वापराचा थर होता. त्या थरात चेरीच्या आठळ्या, अंजिराच्या आणि रास्पबेरीच्या असंख्य बिया, माशांचे काटे व अंड्यांची कवचे होती. त्यातच वीतभरापेक्षा लहान, फिकट निळसर हिरव्या काचेची एक नळकांडी कुपी आडवी पडलेली होती. काचेत बुडबुडे अडकलेले होते आणि अंगावर उठावाच्या अक्षरांत मिसेस विन्स्लो यांच्या सूदिंग सिरपचे नाव होते. दात येताना रडणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या या औषधात मॉर्फीन असे. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने अशा द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. तोपर्यंत बाळाला आपण काय पाजतो आहोत हे आईला कळायला कोणताही मार्ग नव्हता. त्याच थरात बाहुलीचा चिनी मातीचा हात सापडला. त्या घरात लहान मूल होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

जुनी पेठ

लेख अतिशय आवडला. दोन शंका आहेत. एवढ्या वर्षांनंतर त्या मातीला दुर्गंधी येते का आणि रोगाची भीती कितपत असते? आणि पुण्यातल्या वाड्यांत किंवा मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागे असे काही मिळू शकेल का?

काचमाती

जुनी पेठ, बहुतेक खड्ड्यांत ओल्या मातीचा वास येतो. ज्या खड्ड्याचा तळ पाण्याखाली राहून हवा पोहोचलेली नसते तिथे मात्र कुजकट वास अजूनही येतो. जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतील इतकी टिकतात, पण शंभर वर्षांनंतर ती जिवंत नसतात. खरा धोका फुटक्या काचेचा, गंजलेल्या लोखंडाचा आणि बूच लागलेल्या कुप्यांचा असतो. जुन्या औषधांत पारा व आर्सेनिक सर्रास वापरले जाई, म्हणून आत द्रव शिल्लक असलेली बाटली कधीही उघडू नये, हुंगू तर मुळीच नये. जाड हातमोजे आणि धनुर्वाताची लस या दोन्ही गोष्टी आमच्या गटात सक्तीच्या आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा येथील इतर सभासद अधिक अधिकाराने देतील.

अपरांत

मी उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आपल्याकडे असे खड्डे फारसे नाहीत, आणि त्यामागचे कारण स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे. वाड्यांतील आणि चाळींतील जुने संडास टोपलीचे होते. खाली ठेवलेली टोपली किंवा डबा रोज माणसाच्या हाताने उचलला जाई, आणि तो उचलणारा माणूस कोणत्या जातीचा असावा हे जन्मानेच ठरलेले असे. मुंबई महापालिकेत या कामासाठी हलालखोर खाते होते आणि त्यासाठी कर आकारला जाई. घरांच्या मागच्या अरुंद गल्ल्या याच कामगारांच्या येण्याजाण्यासाठी सोडलेल्या असत. मैला साठतच नसल्यामुळे त्याबरोबर वस्तू साठण्याचाही प्रश्न नव्हता. गोव्यातील जुन्या घरांतून डुकरांचे संडास होते, तिथेही काही शिल्लक राहत नसे. कोकणातील गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत मैल्याचे खत करणाऱ्या गोपुरी संडासाचा प्रसार केला तो माणसाच्या डोक्यावरची टोपली उतरावी म्हणून. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले, यावरून ती किती चिवट होती हे कळते. फिलाडेल्फियातील खड्डा दीडशे वर्षे भरलेला राहिला आणि आपला दररोज रिकामा होत राहिला, या फरकाच्या मुळाशी हे श्रम आहेत.

दुसरे कारण असे की, आपल्याकडे रिकामी बाटली टाकून देण्याची वस्तू नव्हती. घरात तेल, रॉकेल, काकवी, काढा यांसाठी ती पुन्हा पुन्हा वापरली जाई आणि अखेरीस बोहारणीकडे किंवा भंगारवाल्याकडे जाई. त्यामुळे जुन्या बाटल्या पाहायच्या असतील तर मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार गाठावा.

खोदण्याचा विचार असलेल्यांनी कायदाही पाहून घ्यावा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण दिलेले आहे.

भुयारी

माझे काम इमारतींच्या खोल पायाच्या बांधकामाचे आहे, त्यामुळे या छंदातील एका बाबीविषयी मला तळमळीने लिहावेसे वाटते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत माती आली तरी माणसाचा श्वास थांबू शकतो, त्यासाठी डोके गाडले जाण्याची गरज नसते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार पाच फूट किंवा त्याहून खोल चराला, तो अखंड खडकात नसेल तर, आधार द्यावा लागतो आणि उपसलेली माती कडेपासून किमान दोन फूट दूर ठेवावी लागते. हे नियम नोकरीवरील कामगारांसाठी आहेत आणि छंद म्हणून खोदणाऱ्यांवर ते लागू होत नाहीत. पण माती दोघांवर सारखीच कोसळते.

गोल वीटबांधणी भक्कम दिसते आणि नेमकी तिथेच फसगत होते. कमानीप्रमाणे गोल भिंतही दाबाखाली घट्ट राहते, हे खरे आहे. परंतु चुन्याशिवाय रचलेल्या विटांमागची माती ठिकठिकाणी वाहून गेलेली असते, आणि आतला भराव काढून घेतला की भिंतीला आतून मिळणारा आधारही जातो. एक वीट निसटली की वरची ओळ मागोमाग येते. आपण खोलीची कोणती मर्यादा पाळता, खाली किती जण असतात आणि बादली कशी वर काढता?

काचमाती

भुयारी, आपण नेमका मुद्दा मांडलात. खाली एक, वर किमान दोन, असा आमचा नियम आहे. तोंडावर तिकाटणे उभारून कप्पीने बादली ओढतो आणि बादली वर जात असताना खालच्या माणसाने भिंतीला टेकून उभे राहावे असे ठरलेले आहे. शिडी कायम लावलेली असते. विटा फुगलेल्या किंवा सरकलेल्या दिसल्या की काम तिथेच थांबवतो. काही खड्डे वीस फुटांहून खोल जातात. तिथे आधाराची फळकुटे बसवण्याची तयारी नसेल तर तळाचा थर तसाच सोडून द्यायचा, हे आम्ही आधीच घरमालकाला सांगतो. काम संपल्यावर सगळा भराव परत टाकून, ठोकून, वरची हिरवळ पूर्ववत लावून द्यायची असते.

थरवाचक

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. या धाग्यातील माहिती मोलाची आहे, तरीही मूळ उपक्रमाविषयी माझी तीव्र हरकत आहे आणि ती येथे नोंदवते.

शौचकूपातील बाटली ही त्यातील सर्वांत बोलकी वस्तू नव्हे. बिया, हाडे, परागकण व जंतांची अंडी यांवरून ते कुटुंब काय खात होते, कशाने आजारी होते, बाजारातून कोणते मांस आणत होते हे समजते. त्यासाठी प्रत्येक थराचे नमुने वेगळे ठेवावे लागतात. बाटल्यांसाठी खोदणारा माणूस हे सगळे एकाच ढिगात उपसतो. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या वस्तीची गोष्ट पाहा. दारिद्र्य आणि गुन्हेगारीचे आगर म्हणून तिची बदनामी झालेली होती. १९९१ मध्ये फोली चौकाजवळ न्यायालयाची इमारत बांधताना तिथले शौचकूप व तळघरे शास्त्रीय पद्धतीने खोदली गेली, तेव्हा सुमारे ८,५०,००० वस्तू मिळाल्या. त्यांत चहाचे नक्षीदार संच होते, शिवणकामाचे साहित्य होते, मुलांची खेळणी होती. कष्टाने संसार करणाऱ्या स्थलांतरितांचे चित्र त्यातून उभे राहिले. हा संग्रह वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहाव्या इमारतीच्या तळघरात ठेवलेला होता आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी तो जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला. इतरत्र प्रदर्शनासाठी दिलेल्या अवघ्या १८ वस्तू वाचल्या. असे असूनही त्या वस्तीविषयीचे ज्ञान आज उपलब्ध आहे, कारण कोणती वस्तू कोणत्या थरातून आली याच्या नोंदी व अहवाल शिल्लक आहेत. नोंदी नसत्या तर सगळ्या वस्तू सुखरूप राहूनही त्यांतून एवढे कळले नसते.

आपल्या फिलाडेल्फियातही अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाची इमारत उभारण्यापूर्वी डझनभर वीटबांधी खड्डे शास्त्रीय रीतीने खोदले गेले आणि ८० हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. एका घरातून इतके पेले व मद्यपात्रे निघाली की तिथे विनापरवाना दारूचा गुत्ता चालत होता हे उघड झाले. ट्रायफीना नावाच्या जहाजाला शुभेच्छा देणारे एक झिलईदार मातीचे भांडेही तुकड्यांच्या रूपात मिळून जोडले गेले. वसाहतींतील कागदपत्रांवर कर लादणाऱ्या १७६५ च्या ब्रिटिश स्टॅम्प कायद्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी लिहिलेला अर्ज याच जहाजाने इंग्लंडला नेला होता. बाटलीच्या शोधात उतरलेल्या माणसाने हे तुकडे जपून ठेवले असते का?

काचमाती

थरवाचक, आपली हरकत रास्त आहे आणि तिला सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

१९७९ च्या केंद्रीय पुरातत्त्व संरक्षण कायद्यानुसार सरकारी आणि आदिवासी जमिनीवर असे खोदणे गुन्हा आहे. तिथे आम्ही जात नाही आणि जाणाऱ्यांना गटात घेत नाही. प्रश्न खासगी जमिनीचा आहे. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने बांधकामापूर्वी वारशाचा विचार करणे बंधनकारक केले, पण ते केंद्राचा निधी किंवा परवाना गुंतलेल्या कामांपुरते. खासगी पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतीखाली काय आहे हे पाहण्याची सक्ती त्यात नाही. त्यामुळे जुने घर पाडले जाते, खोदयंत्र येते आणि तीन शौचकूप सकाळी ट्रकमध्ये भरून संध्याकाळपर्यंत भरावाच्या जागी पोहोचतात. अशा जागी बिल्डरच्या परवानगीने आम्हाला शनिवार-रविवार मिळतो. तिथे पुरातत्त्वज्ञ येण्याची शक्यता नसते. आम्ही उतरलो नाही तर काहीच उरणार नसते.

राहत्या घराच्या अंगणातील खड्ड्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला कोणताही धोका नसतो आणि तो आणखी शंभर वर्षे तसाच राहू शकतो. आपल्यासारख्यांशी बोलून माझे मत असे झाले आहे की, असे खड्डे सोडून द्यावेत आणि यंत्राखाली जाणाऱ्या जागांवरच लक्ष द्यावे. गटातील सगळ्यांना हे पटलेले नाही आणि त्यावर आमच्यात कडाक्याचे वाद होतात. पण बाटली पैसे मोजून बाजारात मिळते. थर एकदा उपसला की कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

नोंदीबाबत आम्ही काय करतो ते सांगतो. प्रत्येक थराची खोली मोजतो, भिंतीवर पट्टी लावून छायाचित्र घेतो, थरागणिक वेगळी बादली ठेवतो आणि खापऱ्या, हाडे, चिलमीचे तुकडे यांसह सगळे वेगळ्या पिशव्यांत भरतो. मूळ वापराच्या थरातील मातीची एक पिशवी न चाळता राखून ठेवतो. हे शास्त्रीय उत्खननाच्या तोडीचे नाही, याची मला जाणीव आहे. पण उद्या कोणी त्या भूखंडाचा अभ्यास करायला घेतला तर त्याच्या हाती काहीतरी पडेल.

थरवाचक

धोक्यात असलेल्या जागांपुरते आपले म्हणणे मी मान्य करते. एक विनंती आहे. नोंदी वैयक्तिक वह्यांत राहू देऊ नका; राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे किंवा स्थानिक इतिहास मंडळाकडे त्यांची प्रत द्या. आणि थराचा काळ ठरवताना त्यातील सर्वांत जुनी बाटली धरू नका. सर्वांत अलीकडची वस्तू पाहा, कारण ती तयार होण्यापूर्वी तो थर पडलेलाच नसणार.

न्यूजर्सीकर

चर्चा फार उपयुक्त झाली. आमच्या घरामागे वाफा खणताना दोन वस्तू सापडल्या. एक, झाकणासाठी आटे असलेली निळसर बरणी असून तिच्यावर ३० नोव्हेंबर १८५८ ही तारीख उठावात आहे. दुसरी पारदर्शक बाटली किंचित जांभळट दिसते. लहानपणी गावी प्यायलेल्या गोटी सोड्याच्या बाटल्या इथे सापडतात का, याचीही उत्सुकता आहे.

काचमाती

गोटीच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७० च्या दशकाच्या आरंभी घेतले. ब्रिटनच्या जुन्या उकिरड्यांत तिचे तुकडे विपुल मिळतात, अमेरिकेत ती क्वचितच दिसते. येथे १८७९ चे हचिन्सनचे तारेचे बूच आणि १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पेटंट घेतलेले पत्र्याचे दातेरी झाकण यांनी बाजार व्यापला. आपल्याकडे गोटी सोडा अजून भरला जातो, त्यामुळे इथल्या संग्राहकांना त्याविषयी फार कुतूहल असते.

बरणीवरील तारीख जॉन मेसन यांच्या पेटंटची आहे. ती पुढे अनेक दशके, अनेक कारखान्यांच्या बरण्यांवर तशीच घातली जात होती, म्हणून तिच्यावरून बरणी १८५८ ची ठरत नाही. काठावरून बोट फिरवा. काठ खडबडीत, घासून सपाट केलेला लागला तर बरणी हाताने फुंकलेली आहे. काठ गुळगुळीत असून साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची काचेवर उमटलेली रेघ, थेट तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल तर ती यंत्रावर झालेली, म्हणजे १८९० च्या दशकात बरण्यांची यंत्रे येऊ लागल्यानंतरची समजावी.

जांभळट बाटलीची शिवण मानेवर कुठे संपते ते पाहा. ओठाच्या, म्हणजे तोंडाच्या कडेच्या, खाली विरत असेल तर ओठ हाताने घडवलेला आहे. काच रंगहीन करण्यासाठी साधारण १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत मँगनीज घालत, आणि अशी काच सूर्यप्रकाशात वर्षानुवर्षे राहिली की जांभळी होते. खोल शौचकूपातली बाटली अंधारात असल्याने रंगहीनच राहते. आपली बाटली जांभळी झाली आहे, त्याअर्थी ती बराच काळ जमिनीच्या वर उघड्यावर होती आणि नंतर मातीत गेली. तळ उलटा करून त्यावर चरे पडलेली गोल खूण आहे का ते पाहा. शिसपेन्सिल आडवी धरून त्या खुणेचा कागदावर ठसा घ्या आणि तो येथे चढवा. तोवर बाटली घासू नका; अंगावर इंद्रधनुषी पापुद्रा असेल तर कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.